दोन बोटे जास्त

मी एक जुनी, पोट सुटलेली होडी आहे, मित्रांनो. तलावाच्या धक्क्याला ज्या सडपातळ, ऐटबाज होड्या बांधलेल्या असतात, त्यांच्या शेजारी मला उभे केले की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "ही कुठल्या कारखान्यातली?" कारखाना कसला! माझा जन्म एका शिलाईच्या दुकानात झाला. मला पहिल्यांदा आडवे केले ते कोट बेतायच्या टेबलावर, आणि माझ्या अंगावरची पहिली रेघ शिंप्याच्या खडूची होती.

दुकान मावशींचे. साऱ्या गल्लीच्या त्या मावशी, म्हणून माझ्याही. त्यांचे यजमान, म्हणजे काका, तलावावरची मोठी लाँच चालवत असत. ते निवृत्त झाले आणि लगेचच आजारपणात त्यांची डावी बाजू लुळी पडली. हळूहळू बोलणे परत आले, काठी टेकत चालताही येऊ लागले. एक दिवस मोठ्या हौसेने ते भाड्याची होडी घ्यायला गेले. होडीवाला भला माणूस, पण म्हणाला, "काका, राग मानू नका. पाय टाकला की ही डुगडुगते, तुम्हाला तोल सावरणार नाही. तुम्ही आपले काठावर बसा, वारा खा."

काका घरी आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले, ते बसलेच. चहा, गोळ्या, पाणी, सगळे त्यांना जागेवर मिळत होते. जेवायला हाक मारली की यायचे, विचारले तर नुसते हूं म्हणायचे. "मला आता कशातच धरू नका," असे एकदा म्हणाले तेवढेच. मावशींनी त्याचीच धास्ती घेतली. शरीर सावरत होते, पण माणूस हातचा चालला होता.

गल्लीच्या टोकाला एक सुतार राहत असे. त्याच्या पँटी कमरेत सैल करून द्यायचे काम मावशींकडे कायमचे असायचे. त्याच्यापाशी त्यांनी काकांसाठी होडी करायचा विषय काढला.

"सोपं असतं हो मावशी," तो म्हणाला. "प्लायवूडचे तुकडे कापायचे, कडेला भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं टाके घालायचे आणि वरून इपॉक्सी भरायचं. शिवतातच म्हणा ना होडी."

"शिवतात?" मावशींनी कान टवकारले. "मग तू कशाला हवास? शिवायचं म्हणजे माझंच काम!"

सुताराने होडीचा एक नकाशा आणून दिला, पाण्यात न उकलणारे प्लायवूड मिळवून दिले आणि आपली करवत दुकानात ठेवून तो गुपचूप बाजूला झाला. मावशींपुढे कुणाची मात्रा चालत नसे.

मावशींनी नकाशावरून खाकी कागदाचे नमुने कापले, ते प्लायवूडवर पसरले, इस्त्र्या ठेवून दाबले आणि खडूने रेघ मारली. आता इथे काय झाले ते ऐका. कपड्याचा टाका रेघेवर येतो, म्हणून रेघेबाहेर थोडे कापड जास्तीचे ठेवावे लागते. शिंपीकामात त्याला माया म्हणतात. लाकडाला असले काही लागत नाही, ते रेघेवरच कापायचे असते. पण मावशींचा हात जन्मभर जे करत आला, तेच त्याने केले. तळ, दोन्ही बाजू, मागची फळी, प्रत्येक तुकड्याला सगळीकडून दोन बोटे माया सोडून त्यांनी करवत चालवली. वर स्वतःवर खूशही झाल्या.

टाके पडू लागले तसा माझा आकार दिसू लागला. नकाशातल्या होडीची खात्यापित्या घरची थोरली बहीण वाटावी अशी मी उभी राहिले. नाळेपाशी, म्हणजे माझ्या नाकापाशी, दोन्ही बाजू काही केल्या नीट भिडेनात. सुतार आला, त्याने टेप लावला आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, ही अशी फुगली कशी? लाकूड आहे हे. पुढच्या वर्षी सैल करायचा फ्रॉक नव्हे!"

मावशी मटकन स्टुलावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. सुताराने टाके काढायला पक्कड उचलली. तेवढ्यात घराकडच्या दारातून काठीची टकटक ऐकू आली. काका उंबऱ्यात उभे होते. त्यांनी मला नाकापासून शेपटापर्यंत निरखून पाहिले.

"अगं," ते म्हणाले, "प्लायवूडला माया सोडलीस?"

आणि ते हसायला लागले. हसू एका बाजूला झुकलेले होते, पण खदखदून आलेले होते. कितीतरी महिन्यांत ते आपण होऊन एक शब्द बोलले नव्हते.

"हसताय काय?" मावशी पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "हाताची सवय अशी जाते का?"

"ठेव रे ती पक्कड," काकांनी सुताराला दटावले. "उसवू नकोस. लठ्ठ आहे, पण बांध्यात आहे."

मित्रांनो, माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. मी ती अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी आपली खुर्ची दुकानात आणवली. इपॉक्सी म्हणजे दोन डब्यांतली दोन द्रव्ये. मापाने एकत्र केली की थोड्या वेळात दगडासारखी घट्ट होतात. "थोडं थोडं कालव," काका बजावत होते. पण मावशींना सारखे उठबस करायचा कंटाळा. त्यांनी डबाभर एकदमच कालवले. डबा तापला, धूर निघू लागला, आणि काका ओरडले, "बाहेर ने! आधी बाहेर ने!" अंगणात नेईपर्यंत आत चमच्यासकट घट्ट गोळा झाला होता. दार आपटू नये म्हणून तो गोळा दुकानात आजही वापरतात. त्यानंतर मावशी वाटीवाटीनेच कालवू लागल्या.

सांध्यांत त्यांनी इपॉक्सीत लाकडाचा भुगा मिसळून भरला आणि चमच्याच्या पाठीने गुळगुळीत केला. नाकाच्या फटीत तर इतका भरला, की माझे नाक कायमचे जाडे राहिले. मग काचेच्या धाग्यांचे कापड अंगभर बसवायचे होते. तिथे मात्र मावशींचा हात असा फिरला, की अस्तराला एक सुरकुती आली नाही. सुतार नुसता बघत राहिला. मग घासकाम झाले, व्हार्निश झाले, वल्ही आली. मी आरशासारखी चमकू लागले.

आणि काका म्हणाले, "छान झाली. तुम्ही फिरा आता. मी आत बसून ओझं कशाला होऊ?"

त्यांची खुर्ची पुन्हा खिडकीजवळ गेली. माझ्यावर आधी एक कोट ठेवला गेला, मग शाळेच्या गणवेशांचा ढीग, मग चिंध्यांचे गाठोडे. पाण्याचा थेंब पाहण्याआधीच मी अडगळ झाले. ते दिवस फार वाईट गेले, मित्रांनो. रागावू तरी कुणावर? मावशी कामात मान खाली घालून बसत. मशीन चालता चालता थांबे, आणि त्या खिडकीकडे बघत राहत.

एका सकाळी त्यांनी सगळा ढीग एका झटक्यात खाली ओढला. सुताराला बोलावून मला तिरपी करत शटरमधून बाहेर काढले आणि काकांना म्हणाल्या, "निदान बघायला तरी चला. बुडाले तर कुणी तरी सांगायला हवं."

मी पाण्यावर टेकले आणि मला कळले, की मी यासाठीच होते. मावशी वल्ही घेऊन बसल्या. मित्रांनो, वल्हवणाऱ्या माणसाची पाठ पुढे असते आणि तोंड मागे. आपण कुठे चाललो आहोत, हे त्याला दिसत नाही. मावशींनी जोर लावला आणि मी थेट लव्हाळ्यात घुसले. तिथून निघाले ती धक्क्याच्या खांबाकडे.

"अगं उजवीकडे!" काका काठावरून ओरडले. "खांब आहे! उजवीकडे घे!"

"मला पाठीला डोळे नाहीत!" मावशीही तितक्याच जोरात ओरडल्या. "तिथून काय ओरडता? आत येऊन सांगा!"

मी खांबावर आपटले. माझ्या कोऱ्या व्हार्निशवर पहिला ओरखडा उठला. तो मावशींनी मुद्दाम उठू दिला का, हे मला माहीत नाही. त्यांची वल्ही पुढे कधी इतकी चुकली नाहीत, एवढे मात्र खरे.

मावशींनी मला धक्क्याला लावले. काका पायऱ्या उतरून आले, काठी सुताराकडे दिली आणि माझ्या काठाला धरून थांबले. डावा पाय जड होऊन माझ्या तळाशी पडला, सगळा भार एका बाजूला आला. सडपातळ होडी असती तर तिथेच कलंडली असती. मी जराशी झुकले आणि जागच्या जागी थांबले. नकाशात नसलेली ती दोन बोटे त्या क्षणी माझ्या उपयोगी पडली. काका मागच्या बाकावर बसले आणि त्यांनी उंच काठावर कोपर टेकले. मग लाँचवर असल्यासारखा त्यांचा आवाज चढला. "हं. सरळ घे. आता थोडी डावीकडे."

त्या दिवसापासून मी त्यांना रोज सकाळी नेते. होडीवालाही आता मला हात लावून बघतो आणि म्हणतो, "अशी एक मलाही करून द्या, मावशी." सुताराने माझी फळी एकदा बदलली, मावशींनी माझे ओरखडे कितीदा तरी बुजवले. माझे आयुष्य चांगले गेले. ज्या चुकीवर सगळे हसले, तिनेच मला माझे काम मिळवून दिले, आणि त्या चुकीची मी मनापासून ऋणी आहे.

तुमच्याकडे एखादी होडी असेल तर तिला उन्हात उघडी टाकू नका, इपॉक्सीला ऊन सोसत नाही. पोटात साचलेले पाणी काढून टाका. आणि घरात कुणी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असेल, तर त्यांना चहा-पाणी द्याच, पण काहीतरी विचाराही. उगाच मन राखायला नको, आपल्याला खरोखर हवे असेल ते विचारा.

चला, निघते. मावशी वल्ही घेऊन बसल्या आहेत आणि काका आत्ताच ओरडू लागले आहेत. इतकी वर्षे झाली, पुढे काय आहे हे बघायला मावशींनी एकदाही मान वळवलेली नाही.