हाताच्या अंतरावर

गोळ्या घ्यायच्या दिवशी मी फार शहाणपणा केला. सकाळीच सासूबाईंना सांगून टाकलं, "आई, मी बाजूला बसले." आमच्या जुईनगरच्या घरात अजून चार दिवस पाळतात. बाहेरच्या खोलीत चटई, ताट सरकवून द्यायचं, कोणी शिवायचं नाही. म्हटलं, बरंच झालं, कोणी काही विचारायला नको. दिवस राहिले होते, पण दुसरं मूल आत्ता नको, हे मी आणि माझ्या नवऱ्यानं, कुंदननं ठरवलं होतं. आईंना नातू हवा होता, आणि त्यांच्याशी भांडायची माझी छाती नव्हती. मुलीला आधीच माहेरी पाठवलं होतं, आणि कुंदन न्हावा शेव्याला ड्युटीवर गेला.

पहिली गोळी दोन दिवसांपूर्वी दवाखान्यात झाली होती. उरलेल्या चार आज गालात धरायच्या होत्या. "कळा येतील, थंडी वाजेल, पाळीपेक्षा जास्त जाईल, ते चालतं," डॉक्टर स्मिता म्हणाल्या होत्या. "पण तासाला दोन पॅड पूर्ण भिजले आणि सलग दोन तास तसंच चाललं, तर लगेच या. घरी जवळ कोणी आहे ना?"

"सासूबाई आहेत," मी म्हटलं. खोटं कुठे होतं?

दुपारी थंडी भरली. डोळे मिटले की चटईखाली खाडीचं कोमट पाणी यायचं. आई दारात बसून मिठागराच्या गोष्टी सांगत होत्या. लहानपणी त्या तिथे मीठ ओढायच्या. मला मिठाचा पांढरा ढीग दिसत होता आणि त्यावर पाठमोरं बसलेलं कोणीतरी लहान. हाक मारावीशी वाटली, पण नाव ठेवलंच नव्हतं. मला रडू आलं. तरी आपलं चुकलं असं वाटलं नाही.

मधेच उठून पॅड बदलायचे, परत पाण्यावर पडायचं. हा चौथा की पाचवा? घड्याळ आत, फोन देवघराशेजारी चार्जिंगला. मागितला असता तर सगळं सांगावं लागलं असतं.

"सकाळी पॅडचं पाकीट भरलेलं व्हतं," आई एकदम म्हणाल्या. "आता रिकामं हाय. किती बदललंस?"

"मोजले नाहीत."

त्यांचा हात माझ्या कपाळावर आला.

"शिवू नका, आई."

"शिवलं. आता खरं बोल. किती दिवस चढले व्हते?"

मी सांगितलं. गोळ्यांचंही सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण दंडाला धरून मला उठवत म्हणाल्या, "भांडन मागनं करू. आधी सांगितलं असतंस तर मी लांब बसले असते का गं?"

रिक्षात माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. थोडा भाग आत राहिला होता, म्हणून रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांनी भूल देऊन नळीनं ओढून काढला. "असं फार थोड्या जणींना होतं," त्या म्हणाल्या. "वेळेवर आणलंत."

संध्याकाळी घरी आल्यावर मी चटईवर पडले. कुंदनही ड्युटीवरून आला होता. एरवी या दिवसांत मला शिवल्यावर आई आंघोळ करतात, मगच देवघरात जातात. त्या दिवशी त्यांनी आपली चटई ओढून माझ्या चटईला लावली.

"कुंदन, दिवा तू लाव," त्या म्हणाल्या.

"आणि भांडण, आई?" मी विचारलं.

"उद्या," म्हणाल्या, आणि माझा हात धरूनच झोपल्या.