सखुबाईचे धवले

मोबाइल वाजला की अमिषा हातातलं काम टाकून आधी तो बघायची.

रेवसजवळच्या त्यांच्या गावात सखुबाई ही शेवटची धवलारीण, आगरी लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणारी बाई. अमिषाने तिचे धवले मोबाइलवर घेऊन एका मोठ्या व्हिडिओ साइटवर चढवले होते. मोबाइल भरला की मूळ व्हिडिओ पुसायची. वर आहेतच की!

मग सखुबाईला लकवा झाला, वाचा गेली. आणि आता कुठल्याशा कंपनीने हे धवले आपलेच म्हणून दोनदा तक्रार केली होती. तिसरी आली की चॅनल कायमचं बंद. अमिषाने उत्तरांवर उत्तरं पाठवली, पण पलीकडे माणूस असा नव्हताच. दर वेळी तोच छापील मजकूर परत यायचा.

"आधी सगळं खाली उतरवून घे," नवरा विपुल म्हणाला आणि अलिबागहून हार्ड डिस्क घेऊन आला.

गच्चीवर जरा बरी रेंज मिळायची. तिथेच लॅपटॉप मांडून दोघं बसली. एकेक व्हिडिओ रांगत उतरत होता. उतरला की अमिषा लावून बघायची, आवाज आहे ना. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पुढचा व्हिडिओ दाबला, तर पान कोरं. वर एकच ओळ: 'हे चॅनल आता उपलब्ध नाही.'

"अहो, गेलं!"

बरेचसे धवले हाती लागले होते. हळदीचे मात्र सगळे वरच राहिले.

ती धावतच सखुबाईकडे गेली. सून तेजस्वी दारातच भेटली.

"काय जाला गो?"

"हळदीचे गेले, वहिनी. एकपण नाय उरला."

खाटेवरून सखुबाई ऐकत होती. चालता हात उचलून तिने सुनेकडे बोट केलं.

"मना नाय येत," तेजस्वी घाबरली. "मी निस्ती मागून साथ धरायची."

सखुबाईने खाटेवर हात आपटला. तेजस्वी अडखळत गाऊ लागली. चुकली की सासू तिचं मनगट दाबायची, ती पुन्हा सुरू करायची. अमिषाने मोबाइल धरला होता.

संध्याकाळी ते धवले डिस्कवर गेले. एक प्रत विपुलने माणगावला बहिणीकडे पाठवली.

पण एका धवल्याच्या शेवटच्या दोन ओळी तेजस्वीला काही केल्या आठवल्या नव्हत्या. सखुबाईचे ओठ हलत राहिले होते, शब्द फुटला नव्हता.

"उद्या बसू परत," तेजस्वी म्हणाली होती.

अमिषाने मान डोलावली होती. पण सखुबाईचा श्वास तेव्हाही जोरात चालला होता, आणि आता अमिषाला उद्याचीच भीती वाटत होती.