छातीला झेपेल असं जपानी गाणं

पोरगं लग्न करतंय हे आईला कॅसेटमधून कळावं, ही कुठली रीत? आमच्या आकारामनं तसं केलं. पत्र नाही, तार नाही. दसरा झाल्यावर जपानहून, तो कारखान्यात कामाला आहे तिथनं, एक खोकं आलं. त्यात दोन कॅसेटी आणि घडी घातलेले चार कागद. आमच्या घरी टेप नाही, म्हणून मी आणि मालक गल्लीच्या तोंडाला इलाहीच्या दुकानात गेलो. इलाही रेडिओ, टेप दुरुस्त करतो. नातवंडांचा आजा झालाय, पण मला अजून मामी म्हणतो.

कॅसेट लावली. "आई, आबा, मी बरा हाय," म्हणून पोरगं सुरू झालं ते तिथल्या थंडीवर, मग मशिनींवर, मग परत थंडीवर. मी म्हटलं, हा काहीतरी गिळतोय. अन् शेवटाला, बाजारातनं कोथिंबीर आणायची राहिली असं सांगावं तसं सांगून मोकळा झाला. "बावीस नोव्हेंबरला माझं लगीन हाय. मिदोरी नाव तिचं. आमच्याच कारखान्यात मशिनींची चित्रं काढती. तुम्हांस्नी यायला जमायचं न्हाय, मला ठावं हाय."

तुला ठावं हाय! विचारलं होतंस?

पुढं आणखी होतं. तिकडं लग्नाच्या जेवणाला दोन्ही घरची माणसं गाणं म्हणतात. कराओके म्हणतात त्याला. वाजप तयार असतं, आपण नुसता आवाज घालायचा. दुसऱ्या कॅसेटीवर तीन गाणी होती, एका बाजूला गाणाऱ्यासकट, दुसऱ्या बाजूला नुसतं वाजप. कागदावर बोल मराठीत लिहून खाली अर्थ दिला होता. "सगळ्यांत सोपी निवडल्यात," म्हणाला. "त्यातलं एक दोघांनी म्हणा आन् भरून पाठवा. तिचं आईबाप ऐकत्यात."

मी मराठी दुसरी शिकलेली बाई. पण आमच्या पेठेत माझ्या गळ्याशिवाय हळद लागत नाही, कुणालाही विचारा. शेजारच्या धोंडुबाईच्या चार पोरी मी गाऊन बोहल्यावर धाडल्या. आणि माझ्या एकुलत्या पोराच्या लग्नात मी परक्या मुलखातलं सोपं गाणं म्हणायचं! तेही डबीत घालून पाठवायचं. मी तिथंच सांगितलं, "ह्या लगनात मी तोंड उघडनार न्हाय. तुम्हांस्नी काय करायचं ते करा."

मालकांनी कागद घेतला, खिशात घातला.

आता ह्यांचं सांगते. तीस वर्षं भट्टीवर मोल्डर होते. वाळूचे साचे भरायचे, आत लोखंड ओतलं जायचं. आकारामला एकदासुद्धा भट्टीवर जाऊ दिलं नाही. श्रावणात खोकला सुटेना म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, मला बाजूला घेऊन सांगितलं, की फुफ्फुसं वाळूनं दगड झालीत, पुढचा उन्हाळा दिसेल असं वाटत नाही. बाजूला घेऊन उपयोग काय? हे दाराशीच उभे होते. बाहेर आल्यावर पहिलं बोलले ते हे, "आकारामला कळवायचं न्हाय."

"त्याला न्हाय कळवायचं तर कुणाला? कलेक्टरला?"

"कळलं तर सगळं टाकून यील त्यो."

"येऊ दे की!"

"यिऊन काय करनार? माझ्या उशाला बसून खोक ऐकनार? मी तीस वर्सं वाळू खाल्ली ती त्यानं परत ह्या गल्लीत येऊन बसावं म्हणून न्हवं."

मला शपथ घातली. मी घेतली. ते एक माझं चुकलं.

तर लग्नाचं कळल्यापासून हा माणूस आठ दिवस जपानी गाणी म्हणत होता. सकाळी तोंड धुताना, दुपारी बाजेवर. इलाहीनं एक जुना टेप घरी आणून ठेवला होता. पहिलं गाणं पळतं निघालं. शब्दांवर शब्द, ह्यांचा श्वास दुसऱ्याच ओळीला मागं राहायचा. दुसरं ह्यांना आवडलं. भजनात टाळ धरलेला माणूस, त्यात त्यांना आपल्यासारखी चाल सापडली. एकेक सूर लांब ओढायचा होता. पण ओढायला छाती कुठली? सूर मध्येच फाटायचा आणि मग अर्धा तास खोकला. तरी सोडेनात.

मी भाकरी थापता थापता ओरडले, "अहो, जीव जाईल! पोराच्या लगनात तेराव्याचं जेवान वाढायचं हाय काय?"

हसले. हसता हसता परत खोकले.

शेवटी इलाहीनं तोड काढली. "केरबामामा, तिसरं घ्या. त्याच्या वळी बारक्या हायत. आन् दोन वळींच्या मधी वाजप हाय, मोकळी जागा. तिथं खोका की."

"खोकलो तर भरंल न्हवं त्यात?"

"मामी माईकवर हात ठेवतील. त्यांनी तोंड उघडायचं न्हाय म्हटलंय, हाताचं कुठं काय म्हटलंय?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. लग्न झाल्यापासून, ती शपथ सोडली तर, ह्या माणसानं माझ्याकडं काही मागितल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, "बरं."

रविवारी दुपारी इलाहीनं दुकानाचं दार ओढून घेतलं. दोन टेप समोरासमोर ठेवले, एकातनं वाजप, दुसऱ्यात भरायचं. ह्यांनी लग्नाला निघाल्यासारखा फेटा बांधला होता. आवाज भरायला फेटा कशाला, असं मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही. मी पदराची चौघडी करून माईकजवळ बसले.

ओळ झाली की मी माईकवर पदर दाबायची. हे तोंड फिरवून खोकायचे, ओठ पुसायचे, आणि वाजप संपायच्या आत परत माईकपाशी. मी पदर काढायची. पहिल्या वेळी दुसऱ्या कडव्यात अडलं. परत. मग रस्त्यावरनं टांगा गेला, परत. तिसऱ्यांदा शब्द विसरले. चौथ्यांदा खोकला जागेत मावला नाही, पुढच्या ओळीवर सांडला.

इलाही म्हणाला, "मामा, उद्या करू."

"उद्या आजच्यापरीस चांगला आसंल, आसं कोन म्हणतंय?" हे म्हणाले.

पाचव्यांदा चांगलं चाललं. आवाज बारीक, पण सरळ. तिकडच्या लोकांना वाटलं असतं, मुलाचा बाप धडधाकट आहे, जरा लाजतोय. मीच तसं करत होते, माझ्या पदरानं. हे माझ्या ध्यानात आलं ते शेवटच्या ओळीआधी. ह्यांनी तोंड फिरवलं. हात टेबलावर होता, नखं जांभळी पडली होती. माझं पोरगं दूरदेशी हे गाणं ऐकून टाळ्या वाजवणार, बायकोला सांगणार, बघ आमचे आबा. आणि उन्हाळ्याआधी तार जाणार.

मी पदर दाबला नाही.

खोकला सगळा आत गेला. भट्टीत सळई घालावी तसा आवाज. ह्यांनी चमकून माझ्याकडं बघितलं. वाजप थांबत नव्हतं. शेवटची ओळ आली आणि गाणारा नाही. ह्यांनी तोंड उघडलं, नुसती हवा आली. डोळ्यांत पाणी.

ती ओळ मी म्हटली. आठ दिवस घरात तेच वाजत होतं, न येऊन जाते कुठं? माझा आवाज हळदीचा, चार घरं ओलांडून जाणारा. त्या चालीत बसला का नाही कोण जाणे. ह्यांनी टेबलावरचा हात माझ्या हातावर ठेवला. चारचौघांत असं कधी केलं नव्हतं. इलाहीनं मान वळवली.

वाजप संपलं. हे कसेबसे म्हणाले, "इलाही, फुसून काढ ते. परत म्हणतो."

"फुसायचं न्हाय," मी म्हटलं.

"शपथ घेतली हाईस तू."

"सांगायचं न्हाय ही शपथ हाय. मी कुठं काय सांगितलं?"

ह्यांनी मग फेटा काढून मांडीवर ठेवला आणि खाली बघितलं. आता परत म्हणायचं बळ नव्हतंच.

इलाहीचा टेप अजून फिरत होता. बंद करायला त्यानं बोट पुढं केलं. मी त्याचा हात धरला, माईक माझ्याकडं ओढला.

"आकाराम, आई बोलतीया. तुझ्या बायकोला माझा आशीर्वाद हाय, ती घरची झाली. तुझं मातर चुकलं. इचारायचं आसतं ते तू कळवलंस, आन् आम्हांस्नी जमायचं न्हाय हे बी तूच ठरवलंस. आता हे गानं दोनदा ऐक. एकदा लगनाच्या मानसांत, आन् एकदा एकला बसून. एकल्यानं ऐकून बी तुला तुझ्या बापाचं काय कळलं न्हाय, तर लेकरा, मशिनी तेवढ्या शिकलास तू, मानूस ऐकायचं इसरलास."