दोन नावांच्या बाईची बॅग

मी आरतीची बॅग बोलतेय. मोठी, चाकांची, वांगी रंगाची. स्वभाव विचाराल तर मला चौकशा फार. बंद करून कोपऱ्यात ठेवलं तरी माझे कान बाहेरच असतात. आणि जन्मभर मी सगळ्यात जास्त चौकशी केली ती एकाच गोष्टीची. व्हिसा म्हणजे नक्की असतं तरी काय?

हा शब्द पहिल्यांदा माझ्या कानावर पडला तो ओतूरच्या दुकानात. आरतीचे वडील कुंडलिकआप्पा लेकीच्या रुखवतासाठी खरेदी करत होते. जावई भरत दुबईला नोकरीला होता. दुकानदार म्हणाला, "पावणं, पोरगी व्हिसावर जानार, मंग बॅग दणकट नको का?" झालं, आप्पांनी मला उचललं. लग्नात एका बाजूला थाळीएवढ्या करंज्या, दुसऱ्या बाजूला आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला आणि मधोमध मी! बायका येऊन माझं हँडल वरखाली करून बघायच्या. मीही भाव खाल्ला, खोटं कशाला बोलू.

सासर पेठला. वरात घरी पोचल्यावर ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीनं त्यांत सुनेचं नवं नाव लिहायची वेळ आली. सासू सखूबाईंनी नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यांच्या आवडत्या हिंदी मालिकेतली सून दिसायला देखणी आणि स्वभावानं गरीब, तिचं नाव श्रेया. भरतनं तांदळात 'श्रेया' लिहिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हल्ली बऱ्याच घरांत हे नाव तांदळातच राहतं. भरतनं मात्र हौसेनं ते सरकारदरबारी चढवलं. सरपंचांच्या दाखल्यावर आधार कार्ड श्रेयाचं झालं, आणि आधारवरून पासपोर्टही श्रेयाचा. लग्नाआधी मिळवलेली नर्सिंगची सर्टिफिकिटं तेवढी आरतीच्या नावाची राहिली. तेव्हा ते कुणालाच खटकलं नाही, आणि माझं तर सगळं लक्ष दुबईकडे लागलेलं.

नवऱ्याच्या व्हिसावर बायकोला जाता येतं, हे तेव्हा कळलं. भरत पुढे गेला, "कागद झाले की बोलावतो" म्हणाला. माझी रवानगी माळ्यावर झाली आणि माझ्या पोटात गोधड्या कोंबल्या. मी वाट बघत राहिले. आरती तर माझ्याहून जास्त. मग कुणाकडून तरी बातमी आली, की भरतनं तिकडं दुसरा संसार मांडलाय. त्यानं आधी बायकोचा फोन उचलणं बंद केलं, नंतर आईचाही.

एके दिवशी सकाळी आरतीनं मला खाली काढलं, गोधड्या बाहेर ठेवल्या आणि आपले कपडे भरले. चेन लागेना. सखूबाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, माझ्यावर गुडघा रोवून दाबून बसल्या, तेव्हा कुठं आरतीला चेन ओढता आली.  मला फार वाईट वाटलं.

ओतूरला आल्यावर आरती एका दवाखान्यात कामाला लागली. पण हळदीकुंकवाला जावं तर प्रश्न, बाजारात जावं तर प्रश्न. "जावई कधी यायचं म्हनत्यात?" तिला नवऱ्यानं टाकलेली बाई म्हणून जगायचं नव्हतं. जिथं तिला फक्त नर्स म्हणून ओळखतील अशा गावी जायचं होतं. मग ते गाव जर्मनीत का असेना! ती पुण्याला जर्मन शिकायला राहिली. शनिवारी-रविवारी मला ओढत घरी यायची आणि स्वतःशीच चित्रविचित्र शब्द पुटपुटायची.

एका रविवारी तिनं पुण्याच्या व्हिसा-सल्लागार मॅडमना फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. आई सरूबाई लसूण सोलत होत्या, आप्पा पेपर वाचायचं सोंग करत होते. मी तर सगळ्यात पुढे! मॅडमनी व्हिसाचे प्रकार सांगितले. शिकायला जायचा एक. तिकडं जाऊन नोकरी शोधायचा एक, पण त्याला खर्चापुरता पैसा आधी दाखवावा लागतो. हॉस्पिटलनं नोकरी दिली, भाषेची परीक्षा पास झाली आणि शिक्षणाला तिकडची मान्यता मिळाली, तर कामाचा व्हिसा, तो पुढे वाढतो.

सरूबाईंना राहवेना. "बाई, पन हिच्या काडीमोडाचा निकाल लागल्याला न्हाई. कोर्टात तारखाच चालल्यात. मंग देत्यात का सोडून?"

"आई, लग्न टिकलं की मोडलं यावरून कामाचा व्हिसा ठरत नाही. काम येतं का, ते बघतात."

सरूबाई लसूण सोलायच्या थांबल्या. "लई शानी मान्सं दिसत्यात," त्या म्हणाल्या.

पुढं हॉस्पिटलची मुलाखत झाली, भाषेची परीक्षाही निघाली. आणि मग मॅडमनी कागद लावताना विचारलं, "सर्टिफिकिटं आरतीची, पासपोर्ट श्रेयाचा. या दोघी एकच, हे सांगणारा कागद कुठाय?" लग्नाची नोंदणी केलेली नव्हती. घरच्यांना वाटलं होतं, एवढ्या लोकांनी अक्षता टाकल्या, आणखी काय नोंदवायचं? आता नोंदवायला नवरा हवा, आणि नवरा फोन घेईना. घोडेगावच्या कोर्टातल्या वकिलांनी सुचवलं, की तिच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्राला सासरच्या माणसाच्या प्रतिज्ञापत्राची जोड मिळाली तर काम होऊ शकेल. नाहीतर हॉस्पिटल थांबणार नव्हतं, जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली असती.

सोमवारी पुण्याला निघालेली आरती पेठच्या फाट्यावर उतरली. कच्च्या रस्त्यानं माझी चाकं खडखडत त्याच अंगणात आली. सखूबाई म्हशीला चारा टाकत होत्या. आम्हाला बघून त्यांच्या हातातली पेंडी तशीच राहिली.

"आत्याबाई, काम हाय," आरती म्हणाली, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

सखूबाईंनी चारा टाकून घेतला. मग विचारलं, "तिकडं गेलीस म्हंजी भरतचं आन् तुजं कायमचं संपलं?"

"ते कवाच संपलंय, आत्याबाई."

"माज्या पोराला काय तरास न्हाई ना व्हनार त्या कागदानं?"

"न्हाई. मी कोन, एवढंच सांगायचंय."

बराच वेळ त्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता नाहीच म्हणणार. स्वतःच्या लेकाला सोडून सुनेच्या बाजूनं कोण उभं राहील?

"नाव म्या ठेवलं," शेवटी त्या म्हणाल्या. "मंग सांगाया दुसरं कोन जानार? थांब, लुगडं बदलते."

मंचरला उतरून आम्ही घोडेगावची जीप धरली. तिथं कोर्टाबाहेर टाइप करणाऱ्यानं विचारलं, "आजी, तुमचं नातं काय?"

"सासू."

"पण मुलगा-सून वेगळी राहतात ना? मग माजी सासू लिहू का?"

"माजी?" सखूबाई कडाडल्या. "मी काय आमदार हाय व्हय रं, माजी व्हायला? सासू लिव!"

आरती तोंडाला पदर लावून हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. टाइप करणाऱ्यानं मुकाट्यानं 'सासू' लिहिलं. सखूबाईंनी अंगठा उमटवला आणि शाई माझ्या अंगाला पुसली. 

व्हिसा आला. इतकी वर्षं मी ज्याची चौकशी केली, तो पासपोर्टच्या पानावर चिकटवलेला छोटासा कागद निघाला! आणि त्यावरही नाव श्रेया. सरूबाईंनी माझ्यात मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीचं पीठ भरलं, आप्पांनी मला उचलून बघून निम्मं पीठ बाहेर काढलं.

आज दुपारी आमची जीप पुण्याच्या विमानतळाकडे निघाली. पेठच्या फाट्यावर सखूबाई उभ्या होत्या. आरती उतरून पाया पडली. त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. कानशिलावर बोटं मोडली. मग जीपमधल्या बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी जवळ येऊन विचारलं, "श्रेया, तुला समदं म्हाईत हाय म्हनून इचारते. सासूला न्यायला कोन्चा व्हिसा असतो गं?"

आरतीला जर्मन येतं, सगळे प्रकार तोंडपाठ आहेत.  पण तिनं सखूबाईंना नुसतं घट्ट धरलं, आणि ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला तरी सोडलं नाही.

आता मी विमानतळावर ट्रॉलीवर उभी आहे. पुढं काय काय बघायला मिळेल याची उत्सुकता आहेच, पण जीव त्या फाट्यावर अडकलाय. मी एवढे व्हिसे ऐकले, तो मात्र कुणाच्या तोंडी आला नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर पेठला जाऊन सखूबाईंना तेवढं सांगा. म्हशीच्या गोठ्याशी विचारा, त्या घरी एकट्याच असतात.