आत कोण आहे?

"आता वरून गरम पाणी ओत," खारू म्हणाली. "आणि ढवळायचं नाही हं. आई अजिबात ढवळत नाही."

आजींनी हातातल्या पातेल्याकडे पाहिलं, मग डब्यातल्या पिठाकडे. वर साखर आणि कोकोची पूड भुरभुरून झाली होती. इतक्या निगुतीने केलेल्या गोष्टीवर भसकन पाणी ओतायचं हे काही त्यांच्या मनाला पटेना. पण नात ओट्याशेजारी स्टुलावर उभी होती आणि कृती फक्त तिलाच ठाऊक होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे भाजताना हे पाणी आपोआप खाली जातं, वर केक फुगतो आणि तळाशी दाट, चिकट चॉकलेट साचतं. त्याला कॉब्लर म्हणतात. नावाशी आजींना काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष ओट्याच्या टोकाला तापत असलेल्या ओव्हनच्या लाल दिव्याकडे होतं.

त्यांनी उभा जन्म अग्निशमन केंद्राच्या टेलिफोनवर काढला होता. गल्लीत अजूनही त्यांना फोनवाल्या बाई म्हणत. पलीकडून लोक ओरडायचे, रडायचे, स्वतःच्या घराचा पत्ता विसरायचे. बाई एका सुरात विचारायच्या : कुठे जळतंय? काय जळतंय? आत कोण आहे? मग म्हणायच्या, गाडी निघालीय, ती येईपर्यंत मी फोनवर आहे. गाडी पोचली की फोन बंद व्हायचा. पुढचं त्यांना कधी कळायचं नाही. गाडीवरची मंडळी परत आली की अंघोळ करून आडवी व्हायची, आणि विचारलंच तर "झालं, बाई" एवढंच म्हणायची. आग त्यांनी एकदाही डोळ्यांनी पाहिली नव्हती, नुसती ऐकली होती. त्यामुळे त्यांच्या डोक्यात त्या सगळ्या आगी अजून चालूच होत्या.

घरात त्याचा जाच सगळ्यांना होता. रात्री टीव्हीचासुद्धा प्लग काढल्याशिवाय कुणाला झोपता यायचं नाही. गॅस बंद केल्यावर आजी तीनतीनदा वास घेऊन यायच्या. मुलाला लहानपणापासून सवय होती. सून सुरुवातीला हसायची, हल्ली हसत नव्हती. कारण खारूसुद्धा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबून नाक वर करून हुंगायला लागली होती. पाणी प्यायला एकटी आत जात नव्हती. मैत्रिणीच्या वाढदिवसाला मेणबत्त्या पेटवल्या तेव्हा ती टेबलाखाली जाऊन बसली.

मागच्या आठवड्यात सून जवळ येऊन बसली होती. "आई, माझा तुमच्यावर राग नाही," ती म्हणाली, "पण खारू तुमची भीती उचलतेय. मी नोकरीला लागले की ती दुपारभर तुमच्याजवळच असणार. बघू या कसं जमतंय. नाही जमलं तर आम्ही वेगळं घर बघतो." मुलगा तेव्हा फरशीकडे बघत होता. आईची बाजू घ्यायला त्याच्याकडे काही नव्हतं, हे आजींनाही दिसत होतं.

आज सुनेच्या नोकरीचा पहिला दिवस होता. शाळेतून आल्यावर खारूने कॉब्लरचा हट्ट धरला, आणि नाही म्हणायला आजींची जीभ वळली नाही. नाही म्हटलं असतं तर संध्याकाळी सुनेला ते कळलंच असतं.

त्यांनी डबा ओव्हनमध्ये ठेवला. सून नेहमी पसरट भांडं वापरायची, पण त्याच्या कडा तापलेल्या रॉडच्या फार जवळ जात. म्हणून आजींनी उंच, अरुंद डबा निवडला होता आणि तो मधोमध, चारही बाजूंनी अंतर राखून बसवला. तो काठोकाठ भरला होता. आईचं भांडं मोठं असतं, असं खारू एकदा म्हणाली, पण आजींनी तिचं ऐकलं नाही. मग त्या खुर्ची ओढून काचेसमोर बसल्या. खारू उंबऱ्यावर बसली. घरभर गोड वास सुटला. आजींना तो वास आवडला, आणि आवडला म्हणून आणखीच धाकधूक वाटायला लागली.

केक फुगला. फुगत फुगत डब्याच्या वर आला आणि एका बाजूने तपकिरी ओघळ निघाला. तो खालच्या रॉडवर पडला. चर्र झालं, धूर झाला, आणि काचेमागे बोटभर ज्योत उभी राहिली.

उभ्या गावाला धीर देणारी आजींची जीभ टाळूला चिकटून बसली. डबा बाहेर ओढायला त्यांनी ओव्हनच्या दाराकडे हात नेला.

"कुठे जळतंय?"

आवाज मागून आला. संथ आणि एका सुरातला. दोघी दुपारी फोन-फोन खेळायच्या, आजींचेच प्रश्न आणि आजींच्याच सूचना घेऊन. सुनेला तो खेळ मुळीच पसंत नव्हता. खारू मूठ कानाला लावून उंबऱ्यावर उभी होती.

"ओव्हनमध्ये," आजी म्हणाल्या.

"काय जळतंय?"

"चॉकलेट. साखर."

"आत कोण आहे?"

हा प्रश्न विचारला की आजी नेहमी डोळे मिटून घ्यायच्या. मिटल्या डोळ्यांनी त्यांनी किती उत्तरं ऐकली होती. आज उत्तर त्यांनाच द्यायचं होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवले आणि काचेतून नीट पाहिलं.

"आत कुणी नाही."

"मग दार उघडू नका. बटण बंद करा. प्लग काढा. गाडी निघालीय, ती येईपर्यंत मी फोनवर आहे."

आजींनी बटण बंद केलं, प्लग काढला, हात मागे घेतला. ज्योत थोडा वेळ हलली, बारीक झाली, निळसर झाली आणि नाहीशी झाली. दोघी बघत राहिल्या. मग आजींनी मागे पाहिलं. खारूचा चेहरा पांढरा पडला होता, मूठ अजून कानालाच होती. आजींनी तिला पोटाशी धरलं तेव्हा कुणाचं काळीज जास्त धडधडतंय ते कळत नव्हतं.

संध्याकाळी सून आली तेव्हा सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि तरीही करपल्याचा वास दारातच येत होता. आजींनी काहीच लपवलं नव्हतं. संपलं आपलं, असं मनाशी म्हणत त्यांनी डब्यातून वाट्या भरल्या. कडा कोळसा झाल्या होत्या, पण मध्ये चमचा घातला की खालून गरम, चिकट चॉकलेट वर यायचं.

सुनेने आत जाऊन ओव्हनच्या काळ्या काचेवरून बोट फिरवलं आणि ती बाहेर आली. "काय झालं?"

आजींनी तिच्यापुढे वाटी सरकवली.

"आग लागली होती," खारू तोंड भरलेलं असतानाच म्हणाली. "मग विझली." आणि रिकामी वाटी घेऊन ती उठली, उंबरा ओलांडून एकटी स्वयंपाकघरात गेली. मध्ये थांबली नाही की हुंगलं नाही.

सून तिच्याकडे बघत राहिली. मग खुर्चीत बसून तिने चमचाभर चॉकलेट खाल्लं.

"उद्या मला यायला थोडा उशीर होईल, आई," ती म्हणाली. "मोठं भांडं खालच्या कपाटात आहे. तेच घेत जा."

आजींनी मान हलवली. खारू भरलेली वाटी सांभाळत परत आली, तशी त्यांनी तिला जवळ ओढून बसवलं.

"काय म्हणालीस मघाशी? काय झालं आगीचं?"

"विझली," खारू म्हणाली.

थोड्या वेळाने आजींनी परत विचारलं, आणि तिने परत सांगितलं.