मान हलवली होती

आमची खानावळ कासेगावच्या अलीकडे, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून. आम्ही जैन, म्हणून कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, आणि दिवस मावळला की शेगडी बंद. तरी गिऱ्हाईक येतं. पुण्याहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्या दारावरून जातात. त्यातच अधूनमधून एखादी अशी जाते, जिच्या अंगभर काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांचा कागद चिकटवलेला असतो. कंपनीची अजून बाजारात न आलेली गाडी. रस्त्यावर चालवून तपासायची असते, पण आकार कुणाला कळू द्यायचा नसतो.

"वयनी, ती गाडी बघितली की डोळं गरगरत्यात," आमच्या स्वयंपाकघरातल्या सुलाबाई म्हणतात. "लपवायचीच हाय तर घरात ठेवा की. नटवून रस्त्यावर कशाला आणत्यात?"

माझी मुलगी ब्राह्मी या गाड्यांच्या नादी लागलेली. मागच्या दिव्याच्या फटीवरून, चाकाच्या नटांवरून तिला कागदाखालची गाडी ओळखता येते. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं ती फोटो काढून इंटरनेटवर टाकत होती. मग पुण्याच्या एका वेबसाइटनं तिला कळवलं की बाहेरचे फोटो सगळेच पाठवतात. सध्या रस्त्यावर असलेल्या नव्या गाडीचा आतला, डॅशबोर्डचा फोटो रविवारपर्यंत मिळाला, तर पहिल्या तारखेपासून कामावर ये. ते पत्र तिनं मला तीनदा वाचून दाखवलं. तिच्या बाबांना एकदाही नाही. ते बँकेच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन बसले होते.

शनिवारी अष्टमी होती, म्हणून माझं एकाशन. म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं, आणि जेवताना मौन. मधे बोललं तर तिथंच पाणी पिऊन उठायचं; मग थेट दुसऱ्या दिवशी. बारा वाजून गेल्यावर मी ओसरीत ताट घेऊन बसले. मुगाची आमटी, भाकरी, दोडक्याची भाजी. तिसरा घास घेतला आणि कागद चिकटवलेली तीच नवी गाडी समोरच्या करंजाच्या सावलीत येऊन थांबली.

पोटावर हात धरून एक पोरगा उतरला, पंचविशीचा असेल. ओसरीच्या जाळीतून मी एकटीच दिसले म्हणून माझ्यापुढं आला.

"काकू, संडास कुठं हाय?"

मी मागे नजर वळवली. तो तिकडे निघाला आणि चार पावलांवरून परत आला.

"काकू, गाडी एकटी सोडायची न्हाई असा नियम हाय आमचा. जोडीदाराला ताप आला, त्याला साताऱ्यात उतरवून आलोय. त्यात उजवीकडची काच वर जाईना. तुमी जरा गाडीकडं बघाल का? धाच मिंटं."

मौनात खूणसुद्धा करू नये. पण माणूस समोर वाकून उभा होता. मी मान हलवली. तो पळाला.

हातातला घास तसाच ठेवून मी गाडीकडे बघत बसले. उजवीकडची काच खाली होती. आत डॅशबोर्डवर काळं कापड घट्ट खोचलेलं. मग शेजारच्या दुकानामागून ब्राह्मी आली. धावत नव्हती, चोरटीही नव्हती. देवळात शिरावं तशी हळू आली. हातात फोन. तिनं काचेतून हात आत घातला आणि कापडाचं टोक उचललं.

"ब्राह्मी, हात काढ."

माझाच आवाज मला मोठा वाटला. आतून सुलाबाई आल्या.

"आवं वयनी, बोललासा! ताट हाय पुढ्यात."

मी पेल्यातलं पाणी प्यायले, हात धुतले आणि चप्पल घालून बाहेर गेले. ब्राह्मीनं कापड सोडलं होतं, पण ती खिडकीपासून हलली नव्हती. तिची नजर माझ्यावरून ओसरीतल्या ताटाकडे गेली.

"तू कशाला उठलीस? मी काही तोडत नव्हते."

"त्यानं मला गाडीकडं बघायला सांगितलंय."

"मग मीही बघतच होते की."

"ब्राह्मी."

"तू त्याला शब्द कुठं दिलास? तू तर मौनात होतीस."

"मान हलवली होती."

"मान हलवणं म्हणजे शब्द नव्हे, आई."

"बोलता येत नव्हतं म्हणून हलवली. बोलता आलं असतं तर हो म्हणाले असते."

 रस्त्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्या गेल्या. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला दुसरं काही येत नाही गं. मला हेच येतं. आणि हे कुणी दारात आणून ठेवत नाही. आज ठेवलंय."

 तिला ते येतं हे मला ठाऊक होतं. तरी मी खिडकीपुढं उभी राहिले.

पोरगा आला. चेहरा उतरलेला, पण चालणं सुधारलेलं. त्याचं लक्ष आधी कापडाकडेच गेलं. एक टोक बाहेर आलेलं होतं.

"कापड माझ्या मुलीनं उचललं," मी म्हणाले. "फोटो काढलेला नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ओरडला नाही. ब्राह्मीनं स्वतःच फोन उघडून त्याच्या हातात दिला. तो एकेक फोटो सरकवत गेला. आजचा नव्हताच, पण मागचे बरेच होते.

"ही शिरवळची. आत मीच हाय," तो म्हणाला. मग एका फोटोवर थांबला. खंबाटकी घाटातला, मागचा कागद सुटून दिवा उघडा पडलेला. "हा तुमी काढलाय व्हय?"

"हो," ब्राह्मी म्हणाली. "हा खूप लोकांनी पाहिला."

"आमच्या सायबांनीबी बघितला. ती गाडी आमच्यातला लालासाहेब चालवत हुता. माझ्याच गावचा, दहिवडीचा. दुसऱ्या दिवशी त्याला कामावरनं काढून घरी पाठवलं."

"मला माहीत नव्हतं."

"तुमाला कसं म्हाईत असणार. रस्त्यावरची गाडी, कुणीबी काढंल. त्यानं टेप नीट बघायला पायजे हुती." फोन परत देत तो म्हणाला, "पण ह्ये कापड काढलं असतं तर म्या काय सांगितलं असतं? संडासला गेलतो म्हणून?"

सुलाबाई दारातून म्हणाल्या, "ताक दिऊ का रं? पोटाला बरं वाटंल. नाव काय तुझं?"

"बुद्धभूषण." तो उभ्यानंच ताक प्यायला, कापड चारी बाजूंनी खोचलं आणि मला नमस्कार करून निघाला. गाडी सर्व्हिस रोडवरून हायवेला लागेपर्यंत ब्राह्मी बघत होती. फोन तिच्या हातात होता. तिनं तो वर केला नाही.

दुपारी ती आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली. मी जपमाळ संपवून तिच्याजवळ गेले.

"कापडाखालचं दिसलं का तुला?" मी विचारलं.

"दिसलं. डॅशबोर्डचा स्क्रीन एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आहे. बटणं जवळजवळ नाहीतच. फोटो नसला तरी एवढ्यावर बातमी होते."

"लिहिणार?"

"नाही. आणि तू परत विचारू नकोस."

मी उठणार होते, तेवढ्यात तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. वेबसाइटला पाठवायचं पत्र होतं, दोन ओळींचं.

"आई, ‘फोटो मिळाला नाही’ लिहू की ‘काढला नाही’? मिळाला नाही म्हटलं तर पुढच्या गाडीला परत विचारतील. काढला नाही म्हटलं तर नाही विचारणार."

खरं बोलण्याचा नेम माझा आहे, तिचा नाही. तिच्या वतीनं तो मला पाळता येत नाही. मी म्हणाले, "पत्र तुझं आहे."

तिनं लॅपटॉप परत स्वतःकडे वळवला. मग ‘मिळाला’ खोडून तिथं ‘काढला’ लिहिलं आणि पाठवून दिलं.