वीस मिलिमीटरच्या खाली

मित्रांनो, एका लाल गाडीच्या पुढच्या डाव्या चाकामागे मी राहत होते. मी तिच्या ब्रेकची डिस्क, म्हणजे लोखंडाची जाड तबकडी. मी जुनी आहे, पण माझं वय वर्षांत विचारू नका, आमच्यात ते मिलिमीटरमध्ये मोजतात. कारखान्यातून निघाले तेव्हा मी बावीस मिलिमीटर जाड होते. माझ्या मधल्या फुगीर भागावर, आपण त्याला कपाळ म्हणू, कारखान्याने एक आकडा ठोकला होता. वीस. त्याच्या खाली गेले की मला काढून टाकायचं, इतकाच त्याचा अर्थ. जन्मतःच मरण कपाळी लिहिलेलं, याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तो आकडा कुणी वाचलाच नाही, याचं मात्र वाटलं.

माझं काम फार साधं. गाडीची मालकीण श्रुतिका ब्रेकवर पाय ठेवी, की दोन पॅड मला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरत. मी घासले जाई, तापे आणि गाडी थांबे. तिचं घर दिंडोशीला, ऑफिस अंधेरीला. रिक्षा आडवी आली की चिमटा, सिग्नल पडला की चिमटा. अशी चार वर्षं गेली आणि त्यात माझं कौतुक एकदाही झालं नाही. ब्रेक लागला म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. लागला नाही, तरच आमची आठवण निघते.

मग श्रुतिकाला ट्रॅकचं वेड लागलं. घाटापलीकडे गाड्या पळवायचा एक ट्रॅक आहे, तिथे ती महिन्यातल्या एका रविवारी जाऊ लागली. तिथला एक फेरा म्हणजे मला शहरातल्या अख्ख्या आठवड्याचा मार. सरळ पट्टीच्या टोकाला एकशे साठचा वेग तीन सेकंदांत साठवर आणायचा आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच. लोखंड तापलं की फुगतं, निवलं की आकसतं. असं शेकडो वेळा झालं की अंगावर केसासारख्या रेषा उमटतात. तशा माझ्याही अंगावर उमटल्या. त्या बारीक असतील, तर त्यांत घाबरण्यासारखं काही नसतं.

गाडीची देखभाल तिचे मामा करत. चंद्रप्रकाश त्यांचं नाव, नाहूरला त्यांचं छोटं गॅरेज. मूळचे मालवणकडचे, तरुणपणी परळच्या एका कापडगिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. श्रुतिकाचे वडील लवकर गेले, त्यामुळे तिला गाडी शिकवली तीही मामांनीच. माणूस लाख मोलाचा, पण एक खोड होती. गॅरेजमधून ते काही म्हणजे काहीच बाहेर टाकत नसत. कुणी विचारलं की म्हणत, "गिरणीन आमका भंगारात काढल्यान. मी कोणाक काढूचंय नाय."

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं, तेव्हा मामांनी मला लेथवर चढवलं आणि दोन्ही अंगांवरून पातळ थर कापून काढला. थरथर गेली. काही महिन्यांनी ती परत आली आणि मी परत लेथवर गेले. दोन्ही वेळा मी लख्ख चमकत होते. "बघ, नवी कोरी," असं म्हणत मामांनी माझ्यावरून अंगठा फिरवला. नवी कसली? दुधी सोलावा तशी सोलली होती मला. पहिल्या वेळी मी वीसच्या काठावर आले होते, दुसऱ्या वेळी खाली गेले.

आकडा तरी बघायचा, असं तुम्ही म्हणाल. पण गिरणीत खंडेनवमीला यंत्रांना रंग देऊन पूजा करत, आणि मामांनी ती रीत सोडली नव्हती. त्या दिवशी गॅरेजमधल्या प्रत्येक लोखंडावर चंदेरी रंगाचा हात फिरे, भाचीच्या गाडीवर तर अगत्याने. चाकं काढून त्यांनी माझं कपाळ रंगवलं, वर हळदकुंकवाचं बोट लावलं. दोन दसऱ्यांचे दोन हात बसले आणि आकडा बुजला. मायेनेच बुजला, ते मी नाकारत नाही.

यंदा दसऱ्यानंतर महिन्याभराने, एका रविवारी आम्ही ट्रॅकवर गेलो. मामाही आले होते. त्या दिवशी फेऱ्यांची वेळ नोंदवणार होते आणि श्रुतिकाला दोन मिनिटांच्या आत यायचं होतं. सकाळी ती एका सेकंदाने हुकली. दुपारची एकच खेप उरली होती.

जेवणाच्या सुट्टीत तिचा मित्र सिद्धेश चाकाच्या फटीतून मोबाइलची बॅटरी मारून बघत बसला. हा घाटकोपरचा. एका कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करणं हेच त्याचं काम. जाडी मोजायचा मायक्रोमीटर कायम त्याच्या बॅगेत असे.

"श्रुती, ही रेघ बघ. पार काठाकडे चाललीय."

"रेघा तर असतातच ना रे."

"असतात, पण बारीक. ही नखाला अडकेल. चाक काढ, मोजून टाकू यार."

मामा स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "मोजूक काय झाला? गेल्याच म्हयन्यात मी लेथ मारलंय. माझ्या हातावर भरवसो नाय तुझो?"

सिद्धेशने मोबाइलची बॅटरी बंद केली. श्रुतिका एकदा त्याच्याकडे आणि एकदा मामांकडे बघत राहिली. सकाळी तिच्या पायाखाली ब्रेक धडधडला होता. मला ते कळलं होतं, कारण धडधडत मीच होते. तिलाही शंका आली होती, मी शपथेवर सांगते. पण चारचौघांत मामांचं काम उघडून तपासायचं, हे तिच्याने झालं नाही.

"राहू दे रे," ती म्हणाली. "मामाने केलंय म्हणजे बघूनच केलं असणार."

मला तोंड असतं, तर त्या क्षणी मी बोंब ठोकली असती. माझ्या अंगात आता उष्णता मावायला जागा नव्हती. पातळ भांडं जसं चटकन करपतं, तसं माझं झालं होतं. आणि श्रुतिका हेल्मेट घालत होती.

पहिला फेरा तिने जपून मारला. दुसऱ्या फेऱ्यात सरळ पट्टीच्या टोकाला तिने जीव खाऊन ब्रेक दाबला आणि ती रेघ माझ्या अंगातून सरकत काठाला जाऊन फुटली. आता मी फिरताना दर वेळी भेगेची कड पॅडवर आपटू लागली. टक, टक, टक. आत हेल्मेट आणि इंजिनाचा आवाज, तिला ऐकू येणं शक्य नव्हतं. पट्टीच्या टोकाला टायरांची भिंत होती. अजून एक-दोनदा तसाच दाब बसला असता तर माझा तुकडा उडाला असता, आणि गाडी थांबवायला तिच्याकडे फार काही उरलं नसतं.

गाडी कुंपणाजवळून गेली आणि मामा स्टुलावरून उठले. दोनशे माग एकदम खडखडत असताना त्यातला नेमका कुठला बिघडलाय, हे कानाने सांगणारा माणूस तो. ते झेंडेवाल्याकडे धावले. या वयात, वहाणा पायातून निसटलेल्या.

"तिका आत घे. आत्ताच्या आत्ता आत घे, बाबा."

गाडी आत बोलावण्याचा काळा झेंडा हलला. श्रुतिकाने तो पाहिला तेव्हा घड्याळात ती सकाळच्या वेळेपेक्षा तीन सेकंदांनी पुढे होती. फक्त हा फेरा पुरा करायचा होता. तिचा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच होता, आणि मी वाट बघत होते. इतकी भीती मला भट्टीतही वाटली नव्हती. मग पाय उचलला गेला. गिअर खाली टाकत, ब्रेकला जेमतेम शिवत ती आत आली.

मी निवल्यावर चाकं निघाली. मामांनी आधी उजव्या चाकातल्या माझ्या जोडीदारणीला पान्यावर टांगलं आणि दुसऱ्या पान्याने हलकेच वाजवलं. ती घंटेसारखी खणखणली. मग मला टांगलं. माझा आवाज फुटक्या मडक्यासारखा बद्द आला. मामांनी पुन्हा वाजवलं, जणू पहिल्यांदा ऐकण्यात चूक झाली असेल. सिद्धेशने चार ठिकाणी मोजलं आणि हळूच सांगितलं, "एकोणीस पॉइंट दोन. जोडीची पण वीसच्या खालीच आहे, काका."

मामांनी स्क्रू-ड्रायव्हरने माझ्या कपाळावरचा चंदेरी रंग खरवडला. मला हातभर लांब धरून आकडा वाचला.

"माझ्या हातान मारलं असतंय तुका," ते श्रुतिकाला म्हणाले.

"मामा, शंका मलाही होती," श्रुतिका म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून मी मोजू दिलं नाही. आता दर वेळी मोजायचं. तू मोज, मी वाचते."

पुढच्या आठवड्यात नव्या डिस्क निवडायला बसले. श्रुतिकाला भोकाभोकांच्या आवडल्या होत्या, दिसायला झकास. मामा म्हणाले, "भोकां बरी दिसतत, पण भेग थंयच सुरू जाता." शेवटी त्याच मापाची, वर तिरप्या खाचा असलेली आणि दोन थरांमधल्या पोकळीत जास्त हवा खेळेल अशी जोडी ठरली, सोबत नवे पॅड. एकच बाजू बदलण्याचा विषय कुणी काढला नाही. बसवण्याआधी मामांनी जाडी मोजून गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिली. कपाळाला रंग लावला नाही.

मी तीन दिवस फळीवर पडून होते. भंगारवाला दोनदा येऊन गेला, पण मामांनी मला दिलं नाही. मला वाटलं, जुनी खोड, आता हे मला जन्मभर सांभाळणार. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आणि माझ्या जोडीदारणीला उचलून अंगणातल्या दगडावर ठेवलं आणि घण काढला. श्रुतिका म्हणाली, "अरे मामा, असंच देऊन टाक ना."

"अशी दिली तर कोणतरी परत लेथ मारतलो," मामा म्हणाले, "आणि कोणाच्या तरी पोरीच्या गाडीक बसयतलो." त्यांनी घण उचलला.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात की आम्हाला जपा, टाकू नका. माझं गाऱ्हाणं उलटं आहे. ज्याच्या भरवशावर जीव टाकता, ते आवडत्या माणसाने केलेलं असलं तरी एकदा मोजून बघा. आकडा संपला असेल तर माया आवरा आणि मला जाऊ द्या. मामांच्या घणाचा घाव मला लागला, खोटं कशाला बोलू. पण मी चाकात फुटले असते, तर तो श्रुतिकाला लागला असता.